अ‍ॅमस्टरडॅमच्या खांबांचं लाकूड दगड झालेलं नाही

अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या वाकड्या घरांचे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. त्यासोबत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ही घरं लाकडी खांबांवर उभी आहेत आणि पाण्यात राहून राहून ते लाकूड दगड झालंय.’ यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे, आणि म्हणूनच त्या शहरातल्या कितीतरी घरांना आज नवा पाया घालावा लागतो.

आधी जमीन कशी आहे ते पाहू. वरचे दहा-बारा मीटर चिकणमाती आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा स्पंजासारखा थर. त्यावर विटांची भिंत उभी केली तर ती रुतणारच. घट्ट वाळू लागते साधारण १२ मीटरवर. म्हणून पाइन किंवा स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचे तेवढ्या लांबीचे सोट, बारीक टोक खाली करून, वाळूला टेकेपर्यंत ठोकत. डझनावारी माणसं दोर ओढून जड ठोकळा वर नेत आणि सोडून देत. भिंतीखाली खांबांच्या जोड्या, प्रत्येक जोडीवर आडवं लाकूड, त्यावर लांब फळ्या आणि मग वीटकाम. डाम चौकातला राजवाडा १६४८ साली नगरभवन म्हणून बांधायला घेतला, तो १३,६५९ खांबांवर उभा आहे. आकडा लक्षात ठेवायची युक्ती तिथली मुलंही जाणतात: वर्षाचे दिवस ३६५, आधी १, नंतर ९.

या बांधणीतली खरी किमया एका नियमात आहे. सगळ्या लाकडाचा माथा भूजलाच्या पातळीखालीच राहिला पाहिजे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि ऑक्सिजन, दोन्ही एकाच वेळी लागतात. घरातल्या कोरड्या कपाटात ओल नसते. बुडालेल्या खांबात पेशींच्या पोकळ्या पाण्याने गच्च भरलेल्या असतात आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट मंदपणे पसरतो. बुरशी गुदमरते. पण भूजल हातभर खाली गेलं की माथ्याचं लाकूड ओलंही राहतं आणि त्याला हवाही मिळते. तेवढाच तुकडा कुजतो. खालचे ११ मीटर चांगले असले तरी त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये भुसा उरतो. पाणी खाली जायची कारणं साधी असतात. सांडपाण्याची गळकी वाहिनी आजूबाजूचं भूजल स्वतःत ओढून घेते, कुणी तळघरासाठी पंप लावतं, २०१८सारखा कोरडा उन्हाळा येतो.

मग कायम बुडालेला खांब अमर का? तोही नाही. काही जिवाणू नाममात्र ऑक्सिजनवर जगतात आणि बाहेरचं कोवळं लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, हळूहळू मऊ करतात. पाइनमध्ये हे जास्त घडतं, स्प्रूसमध्ये कमी. २० सेंमी व्यासाच्या खांबाची भोवतालचा २.५ सेंमीचा थर मऊ झाला, तर टणक गाभा १५ सेंमीचा उरतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणून भार पेलायला आता मूळच्या ५६ टक्केच लाकूड.

आपल्याकडे जांभळाचं लाकूड पाण्याच्या टाकीत टाका, पाणी शुद्ध राहील, असे संदेश जुन्या विहिरींच्या तळातल्या लाकडाचा दाखला देत फिरतात. विहिरीच्या तळाशी लाकूड टिकतं ते तिथे हवा पोचत नाही म्हणून. लाकूड टिकणं आणि पाणी शुद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

खांबांचा दुसरा शत्रू मातीच आहे. रस्ता उंचावायला वाळूची भर घातली की खालचा मऊ थर दबतो आणि बसता बसता खांबालाही खाली ओढतो; ओल्या मातीच्या पोत्यात उभी काठी पोतं खचताना ओढली जाते तशी. हिशेब करू. सरासरी व्यास २० सेंमी, म्हणजे परीघ ६३ सेंमी. मऊ थरातली लांबी १० मीटर, म्हणजे पृष्ठभाग ६.३ चौरस मीटर. मातीची पकड दर चौरस मीटरला १ टन धरली, तरी सहा टनांहून जास्त वाढीव भार. घराचा वाटा १० टन धरलेल्या खांबावर हे ओझं कुणी मोजलेलंच नसतं.

तिथे गेलात तर सेंट्रल स्टेशनजवळ डामराकच्या पाण्याला लागून असलेली ‘नाचणारी घरं’ नीट बघा. दर्शनी भिंत रस्त्याकडे झुकली आहे, पण खिडक्यांच्या चौकटी काटकोनात आहेत? मग ती मुद्दाम तशी बांधलेली असण्याचीच शक्यता जास्त. जिने अरुंद, म्हणून सामान माथ्यावरच्या तुळईच्या आकड्याला कप्पी लावून चढवत. भिंत पुढे झुकलेली असली की ओझं तिच्यावर आपटत नाही. घर बाजूला कललं असेल, चौकटी तिरप्या झाल्या असतील, भेगा विटांच्या सांध्यांतून जिन्यासारख्या चढत असतील, तर दोष पायाचा. काही घरांच्या जोत्याजवळ भिंतीत धातूचा छोटा गोल बोल्ट दिसेल. त्याची उंची ठरावीक काळाने मोजून घर किती बसलं ते काढतात.

दुरुस्तीच्या एका पद्धतीत तळमजल्याची जमीन काढतात, भिंतींत खाचा पाडून त्यांत अडकणारी जाड काँक्रीटची लादी ओततात. लादीत ठेवलेल्या भोकांतून पोलादी नळ्यांचे तुकडे एकामागून एक जॅकने दाबत खोलवरच्या वाळूपर्यंत नेतात. दाब द्यायला टेकू लागतो तो घराच्याच वजनाचा. शेजारची भिंत सामाईक असेल तर दोन्ही घरं एकदम घ्यावी लागतात, नाहीतर एक स्थिर, दुसरं बसतंय, आणि मधली भिंत फाटते. जुने खांब उपटत नाहीत. ते नव्या लादीखाली तसेच उभे राहतात, फक्त घराचा भार आता नळ्यांवर असतो.