जीएल-४ की जीएल-५? गिअर ऑइलच्या डब्यावरचा आकडा

दुकानात दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्हींवर ७५ डब्ल्यू ९० हा दाटपणाचा आकडा, दोन्ही लिटरचे. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, पाच घ्या, भारी आहे. थोडेच पैसे जास्त." मी घेतला. पुढच्या थंडीत सकाळी पहिल्यावरून दुसरा टाकताना खर्र असा आवाज यायला लागला, आणि मग कुठे मी गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडली. तिच्यात स्वच्छ जीएल-४ लिहिलेलं.

ही चूक सहज होते, कारण इंजिन ऑइलने आपल्याला वेगळी सवय लावली आहे. तिथे एसएन या वर्गानंतर एसपी आलं, आणि जिथे एसएन चालतं तिथे एसपी चालतं. गिअर ऑइलचे वर्गही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचेच, पण इथे चौथी पास झालं की पाचवी असा प्रकार नाही. चार आणि पाच यांची कामंच वेगळी आहेत.

बोलेरो, ईको किंवा इनोव्हा क्रिस्टा मागून वाकून पाहा. दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा फुगवटा दिसेल. ते डिफरन्शियल, इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारी यंत्रणा. त्यात क्राऊन हे मोठं दातेरी चाक आणि पिनियन हे छोटं असतं. पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली ठेवलेला असतो, त्यामुळे दाते नुसते एकमेकांवरून फिरत नाहीत. पाट्यावर वरवंटा रेटावा तसे दाबाखाली घसरत जातात. एवढ्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर टिकत नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. दाते तापले की ती पोलादाशी संयोग पावतात आणि वर एक पातळ थर धरतात. झिजायचं ते या थराने, दात्याने नव्हे. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डबा उघडल्यावर नाकात जातो तो उग्र वास त्यांचाच.

मॅन्युअल गिअर बॉक्समध्ये मात्र गोष्ट उलटी. तिथे सिंक्रोची रिंग असते, बहुधा पितळी. तुम्ही गिअर टाकता तेव्हा ही रिंग पुढच्या गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घासते, आणि क्षणभर धरून दोघांचा वेग जुळवते. घासणं हेच तिचं काम. ऑइल गरजेपेक्षा निसरडं झालं की रिंगची पकड सुटते, वेग जुळायच्या आत दाते भिडतात आणि खर्र होतं. शिवाय पितळात तांबं असतं, आणि गंधकाचं तांब्याशी जमत नाही. हल्लीच्या चांगल्या जीएल-५ मध्ये गंधक बरंच शांत केलेलं असतं, त्यामुळे महिन्याभरात रिंग खाल्ली जाते असं नाही. पण जीएल-५ ची चाचणीही तांब्याची पट्टी १२१ अंशांच्या ऑइलमध्ये ३ तास बुडवून, ती किती काळवंडते ते बघूनच होते, यात काय ते आलं.

मग स्विफ्ट, आय-१०, टियागोसारख्या गाड्यांचं काय? त्यांना मागे भोपळा नसतो. डिफरन्शियल गिअर बॉक्सच्याच पोटात असतं, आणि त्याचे दाते तिरके पण साधे असतात, एवढे घसरत नाहीत. दोघांना मिळून एकच ऑइल, आणि तिथे सहसा जीएल-४ पुरतं. बोलेरोसारख्या गाडीत मात्र गिअर बॉक्सचं भोक वेगळं, मागच्या ॲक्सलचं, म्हणजे त्या भोपळ्याचं, वेगळं. दोन्हीकडे काय टाकायचं तेही वेगळं वाचावं. माझं मत विचाराल तर उलटी चूक जास्त वाईट: ॲक्सलमध्ये जीएल-४ गेलं तर दाते लवकर खरवडतात. गिअर बॉक्समध्ये चुकून जीएल-५ गेलं तर घाबरू नका, काढून बरोबर ते भरा.

डब्यावरच्या आणखी दोन गमती. 'जीएल-४ प्लस' असा अधिकृत वर्गच नाही, ते कंपन्यांनी लावलेलं शेपूट आहे. आणि एमटी-१ दिसलं म्हणून हुरळू नका, ते सिंक्रो नसलेल्या अवजड गाड्यांच्या गिअर बॉक्ससाठी आहे. मेस्त्री ज्याला 'नव्वद नंबर' म्हणतात तो आकडाही इंजिन ऑइलच्या फूटपट्टीने मोजू नये. गिअरचं ९० हे दाटपणाला इंजिनाच्या ४०-५० च्या आसपास येतं. पुस्तिकेत ७५ डब्ल्यू ८० असेल तर ९० टाकून गाडीचं भलं होत नाही, सकाळी गिअर जड तेवढा जातो.

क्लच पॅडल नाही म्हणून एएमटी गाडीला ऑटोमॅटिकचं ऑइल मागणारेही असतात. एएमटीचा गिअर बॉक्स मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर हलवायला माणसाऐवजी यंत्र. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असं खरं ऑटोमॅटिक असेल तर मात्र हे दोन्ही डबे लांब ठेवा, त्यांचं ऑइल निराळं.

बदलताना गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट उतरतं. सपाट जागेवर घ्या. आणि आधी वरचा, भरायचा नट सुटतोय का ते बघा! खालचा सोडून सगळं ऑइल ट्रेमध्ये घेतलं आणि वरचा नट गंजून बसला असला, तर गाडी जागची हलवता येत नाही. वायसर नवे टाका. बहुतेक गाड्यांत भरायच्या भोकातून ऑइल ओघळायला लागलं की पातळी झाली.

माझ्या गाडीचं उतरवलेलं ऑइल उन्हात धरलं तेव्हा त्यात बारीक सोनेरी चमक होती, पितळाची. ड्रेन नटच्या चुंबकावर चिकटलेला काळा लगदा पोलादाचा, तो थोडाफार असतोच. ही चमक चुंबकाला लागत नव्हती. जीएल-४ भरल्यावर खर्र बरंच गेलं. जानेवारीत मात्र पहिला किलोमीटरभर दुसरा गिअर अजून जरा थांबून, हाताने अंदाज घेत टाकावा लागतो.