१३बी की २०बी? रोटरीच्या निवडीमागचा इतिहास

भरपूर ताकदीची, तरी भरवशाची गाडी बांधायला रोटरी (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरचं) इंजिन घ्यायचं ठरलं की बोलणं माझदाच्या १३बी आणि २०बी या दोन इंजिनांवर येऊन थांबतं. रोटरीचं मूळ जर्मनीत आहे.

फेलिक्स वांकेल यांचं पहिलं इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत सुरू झालं. गाड्यांत पुढे आलेली सोपी रचना मात्र तिथल्याच हान्स डीटर पाश्के यांची. वांकेलना ती मुळीच रुचली नव्हती. तिकोनी रोटर, व्हॉल्व्ह नाहीत, थरथर नावाला. गोम आहे ती रोटरच्या टोकांवरच्या एपेक्स सीलमध्ये. हाउसिंगला, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाला, घासत जाणारी ही पट्टीच दाब धरून ठेवते. एनएसयूच्या १९६७च्या आरओ ८० गाडीचं नाव या सीलपायीच खराब झालं. वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी खंगली.

हिरोशिमात माझदाच्या इंजिनांतही हाउसिंगवर ओरखडे उठत. इंजिनिअर त्यांना सैतानाची नखं म्हणत. केनिची यामामोतो यांच्या पथकाने कार्बन-अॅल्युमिनियमची सील बनवली, तेव्हा कुठे १९६७ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली.

पुढे टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आला आणि जुनं दुखणं नव्या रूपात उभं राहिलं. १९९१च्या आरएक्स-७मधलं १३बी दोन रोटरचं, १३०८ सीसीचं, २५५ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच). बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की ताकद वाढते, पण पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगीचं टायमिंग चुकलं तर डिटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट) होऊन सील तुटते, आणि तुकडे थेट टर्बोत जातात. १९९०च्या युनोस कॉस्मोतल्या २०बीला तीन रोटर, १९६२ सीसी; तेवढीच ताकद कमी बूस्टवर निघते. पण ती गाडी जपानबाहेर विकलीच गेली नाही, त्यामुळे इंजिन महाग, सुटे भाग दुर्मीळ. माझदाच्याच आरएक्स-८चं रेनेसिस इंजिन स्वस्तात मिळतं, पण १०:१ कॉम्प्रेशन (हवा-इंधन दाबण्याचं प्रमाण) आणि धूर बाहेर सोडणारे बाजूचे एक्झॉस्ट पोर्ट मोठ्या टर्बोला मानवत नाहीत.

रोटरी टिकत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांनी १९९१ची फ्रान्समधली ल मां शर्यत आठवावी. माझदा ७८७बी तिथे २४ तास पळून जिंकली: चार रोटर, सुमारे ७०० अश्वशक्ती, टर्बो नाही.

माझा कौल ४०० अश्वशक्तीपर्यंत १३बीला, त्यापुढे खिसा परवानगी देत असेल तर २०बीला. रोटर आतून ऑइलनेच थंड होतो, म्हणून पहिला खर्च ऑइल कूलरवर. जुनं इंजिन घेताना रोटरीचाच कॉम्प्रेशन टेस्टर लावावा. साधा गेज रोटरच्या तिन्ही बाजूंतला सर्वांत चांगला आकडा तेवढा दाखवतो.