शिकवणीचा घोडा : तयारी व पारख

घोडेस्वारीच्या शाळेत ज्याच्या पाठीवर नवशिक्यांना मांड जमवणे, लगाम धरणे आणि टाचेचा इशारा देणे शिकवले जाते, तो शिकवणीचा घोडा होय. तबेल्यात त्याला सर्रास स्कूल हॉर्स म्हणतात. शर्यतीच्या घोड्याची पारख वेगावरून होते, उडीच्या घोड्याची झेपेवरून. शिकवणीच्या घोड्याची मात्र तो चुकीच्या इशाऱ्यांना कसे उत्तर देतो यावरून होते. नवशिका स्वार एकाच वेळी टाच मारून घोड्याला पुढे चलायला सांगतो आणि तोल जाऊ नये म्हणून लगामाला लटकून थांबायलाही सांगतो. अशा वेळी घाबरून उधळणारा घोडा धोक्याचा असतोच, पण कोणत्याही इशाऱ्याला दाद न देणारा घोडाही शिकवणीला कुचकामी ठरतो, कारण त्याच्या पाठीवर स्वाराला आपला इशारा बरोबर होता की चूक, हे कधी कळतच नाही. घोड्याला या दोहोंच्या मध्ये आणणे आणि वर्षानुवर्षे तेथेच टिकवणे, हे या कामातले खरे कसब आहे.

जाणता घोडा नवख्या स्वाराला शिकवतो, ही परंपरा जुनी आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे उमेदवार आजही पूर्ण तयार झालेल्या लिपिझान जातीच्या घोड्यांवर, लांब दोरीवर गोल फिरत, लगाम व रिकिबी न वापरता मांड पक्की करतात. सामान्य शाळेला इतके तयार घोडे परवडत नाहीत. महाराष्ट्रात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे, घोडे शिकवणीकडे वळतात. काही ठिकाणी मारवाडी व काठेवाडी घोडेही ठेवले जातात.

शर्यतीतून आलेल्या घोड्याला पुष्कळसे विसरायला लावावे लागते. जॉकीला बहुधा घोडा चालत असतानाच पाय धरून वर चढवले जाते, म्हणून स्वार चढेपर्यंत उभे राहायचे असते हे या घोड्याला ठाऊक नसते. जॉकी आखूड रिकिबीत पाठीवरून उचललेला असतो, त्यामुळे दोन्ही कुशींना लागणारे लोंबते पाय आणि पाठीवर बसलेले पूर्ण वजन घोड्याला नवे असते. सर्वांत जोखमीची गोष्ट लगामाची. शर्यतीत लगाम आवळला की घोडा त्यावर रेलून वेग वाढवतो, आणि घाबरलेला नवशिका पहिल्यांदा करतो ते नेमके लगाम आवळण्याचेच काम. म्हणून तोंडावरचा दाब म्हणजे संथ होणे, हा नवा अर्थ घोड्याला आधी जमिनीवरून, मग लांब दोरीवर आणि शेवटी अनुभवी स्वाराखाली शिकवला जातो. येथे दाब देण्यापेक्षा तो नेमका केव्हा सोडला जातो हे महत्त्वाचे असते. घोड्याने योग्य प्रतिसाद देताच हात सैल झाला, तरच त्याला उत्तर बरोबर आल्याचे समजते. या बदलाला महिने लागतात आणि ते घाईने उरकणे हे माझ्या मते तबेल्यांतल्या अनेक अपघातांचे मूळ असते.

पुढचा टप्पा अनपेक्षित गोष्टींच्या सवयीचा. छत्री उघडणे, ताडपत्री फडफडणे, रिंगणाबाहेर मुले धावणे, स्वाराचा पाय रिकिबीतून सुटणे, दुडक्या चालीत स्वार खोगिरावर आपटत राहणे, या साऱ्यांची ओळख थोड्याथोड्या प्रमाणात करून दिली जाते. घोड्याला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, परंतु कपाळासमोरचा लगतचा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग त्याच्या नजरेआड राहतो. मुले नेमकी तिथूनच येतात, म्हणून या दोन जागांचा सराव वेगळा घ्यावा लागतो.

पारख करताना प्रशिक्षक आधी घोडा जमिनीवर पाहतो: तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तो कान मागे टाकतो का, चारही खूर मुकाट्याने उचलू देतो का, कठीण जमिनीवर सरळ दुडकताना डोके वरखाली करून लंगडेपणा दाखवतो का. त्यानंतर अनुभवी स्वार मुद्दाम नवशिक्यासारखा बसतो, एका बाजूला कलतो, लगाम टाकून देतो, घोड्याच्या मानेवर ओणवा होतो. चांगला घोडा अशा वेळी चाल मंदावतो किंवा थांबतो. हाच घोडा नीट इशारा मिळताच तत्परतेने पुढे निघाला, तर तो कामाचा. वजनाचा हिशेबही याच वेळी मांडला जातो; खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे ४५० किलोच्या घोड्यावर ९० किलोपर्यंत. अंगलट, म्हणजे घोडा किती कृश वा लठ्ठ आहे हे तपासण्यासाठी संशोधक डॉन हेनेके यांची १ (अगदी कृश) ते ९ (अति लठ्ठ) गुणांची पद्धत १९८३ पासून प्रचारात आहे.

शांतपणा मोजताना फसगत होते. फ्रान्समध्ये घोडेस्वारीच्या शाळांतील ५९ घोड्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले सुमारे २४ टक्के घोडे अधूनमधून मान पाठीच्या रेषेत ताणून, एकटक नजरेने, आजूबाजूची दखल न घेता उभे राहत असल्याचे संशोधकांना आढळले. असा घोडा पालकांना गरीब स्वभावाचा वाटतो. वस्तुतः तो आतून मिटलेला असतो. याउलट चावणारा, शेपटी आपटणारा घोडा खोडकर ठरवून त्याला चाबूक दाखवला जातो, पण दुखणे हे त्याचे कारण असू शकते. ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन व सहकाऱ्यांनी स्वारीच्या वेळच्या २४ वर्तनांची यादी तयार केली असून त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्यास स्नायू वा सांध्यांच्या दुखण्याची शक्यता बळावते. खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तेथे खोगीर जास्त दाबते, असा संशय घ्यावा. मानेच्या मुळाशी उमटलेले पांढरे केस तर जुन्या जखमेचीच साक्ष देतात. ही पाहणी साईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा मोतद्दार, रोज करू शकतो, आणि त्याचे म्हणणे प्रशिक्षकाने ऐकलेच पाहिजे.

एकदा पास झालेला घोडा कायमचा पास नसतो. सतत चुकीचे इशारे सोसून त्याचे तोंड कडक होते, कुशी बधिर होतात, कोपरे कापून रिंगणाच्या मध्यभागी येऊन थांबण्याची सवय लागते. म्हणून चांगल्या शाळांत अनुभवी स्वार अशा घोड्यांवर नियमित रपेट करून इशारे पुन्हा हलके करून घेतो आणि नवशिक्यांचे तास मर्यादित ठेवले जातात. ब्रिटनमध्ये कायद्याने तीन वर्षे वा त्याहून कमी वयाचे घोडे आणि प्रसूतीला आलेल्या घोड्या स्वारीसाठी भाड्याने देण्यास मनाई केली. वयाच्या दुसऱ्या टोकाला, सांधे आखडू लागलेला घोडा आधी उड्यांतून, मग कॅंटरमधून (मध्यम वेगाच्या दौडीतून) काढून लहान मुलांसाठी फक्त चालण्यापुरता ठेवतात, आणि तेवढेही चालताना पाऊल आखडू लागले की त्याला खोगीर घालणे बंद करतात.