माटुंगा रेल्वे स्टेशन (मध्य रेल्वे)

माटुंगा हे मुंबईतल्या मध्य रेल्वेच्या मेन लाईनवरचं लोकलचं स्टेशन आहे, दादर आणि सायनच्या मधे, सीएसएमटीपासून साधारण 10 किलोमीटरवर. इथे स्लो लोकल थांबतात, फास्ट गाड्या धडधडत निघून जातात. त्यामुळे डोंबिवली-कल्याणहून येणारी कॉलेजची पोरं फास्ट पकडतात, कुर्ला किंवा दादरला उतरून स्लो घेतात, नाहीतर दादरहून सरळ चालत निघतात. वेस्टर्नवाल्यांसाठी माटुंगा रोड हे वेगळं स्टेशन आहे आणि दोन्ही स्टेशनं पादचारी पुलाने जोडलेली आहेत, ज्याला सगळे झेड ब्रिज म्हणतात. नवीन माणूस माटुंगा आणि माटुंगा रोड यात हमखास गोंधळतो म्हणून पत्ता सांगताना सेंट्रल की वेस्टर्न ते आधी सांगावं.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती याच मार्गावरून. आजूबाजूची वस्ती मात्र बरीच नंतरची. 1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीतल्या मुंबईला मोकळी जागा हवी म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने (शहर सुधारणेसाठीची सरकारी संस्था) दादर-माटुंगा भाग आखून वसवला, रुंद रस्ते, झाडं, फाईव्ह गार्डन्स. 1915 मध्ये रेल्वेचा वर्कशॉप सुरू झाला, डब्यांची मोठी दुरुस्ती तिथे होते, म्हणजे स्टेशनवर कॉलेजच्या पोरांबरोबर वर्कशॉपचे कामगारही रोजचे. 20 मार्च 2018 ला नोकरीत कायम करा म्हणून रेल्वेचे अप्रेंटिस दादर-माटुंग्यादरम्यान रुळावर बसले होते आणि सकाळच्या ऐन गर्दीत सेंट्रलची लाईन काही तास ठप्प झाली होती.

पण स्टेशनचा खरा जीव कॉलेजांत आहे. व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज 1923 मध्ये इकडे आलं, रुईया 1937 चं, खालसाही 1937 चं, पोदार 1941 चं, आणि 1933 ला निघालेलं केमिकल टेक्नॉलॉजीचं यूडीसीटी (आता आयसीटी, पण जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात) 1943 पासून माटुंग्यात आहे. पोदार, वेलिंगकर, रुईया तर लखमशी नप्पू रोडवरच. खालसाला जाणाऱ्यांना हार्बरचं किंग्ज सर्कल जवळ पडतं, बाकी बहुतेकांचं स्टेशन हेच. जूनमध्ये ॲडमिशन झाली की पहिलं काम पासचं, कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा, शिक्का मारून घ्यायचा, मग घराजवळच्या स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा. घर ते कॉलेज एवढाच तो पास चालतो, म्हणजे कितीतरी जणांच्या पासवर पाच पाच वर्षं माटुंगा हेच नाव राहतं. सुट्टी लागली की प्लॅटफॉर्म एकदम मोकळा वाटतो आणि परीक्षेच्या दिवसांत सकाळी अख्खा डबा नोट्स उघडून बसलेला, उभी राहिलेली पोरगी एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातलं पान अंगठ्याने उलटतेय आणि ओठ हलतायत.

माटुंग्याचं नाव देशभर गेलं ते जुलै 2017 मध्ये. भारतातलं सगळा स्टाफ बायकांचा असलेलं हे पहिलं रेल्वे स्टेशन, तेव्हा 41 जणी होत्या, स्टेशन मॅनेजर, तिकीट खिडकी, टीसी, अनाउन्समेंट, आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंट्सवर काम करणाऱ्या, सगळ्याच. 2018 च्या लिम्का बुक या विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की हे काही एक दिवसाचं महिला दिन स्पेशल नव्हतं. रात्रपाळी, पावसाळा, रुळावर आलेला माणूस, बंद पडलेली गाडी, हे सगळं त्यांनीच सांभाळायचं होतं आणि सांभाळलं. शेजारच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलींना रोज खिडकीपलीकडे आणि ऑफिसात बायकाच बसलेल्या दिसणं याचा परिणाम आकड्यात सांगता येत नाही, पण तो होतो.

ज्यांनी कधी इथे पाय ठेवला नाही त्यांनाही माटुंगा माहीत असतं ते मेगाब्लॉकमुळे, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवतात त्यामुळे. "माटुंगा-मुलुंड मार्गावर मेगाब्लॉक" ही रविवारची ओळ सेंट्रलवाल्यांच्या कानात बसलेली आहे. इथे गाडी फास्ट लाईनवरून स्लोवर वळवता येते, त्यामुळे फास्ट मार्गावर ब्लॉक असला की डाऊन, म्हणजे सीएसएमटीहून कल्याणकडे जाणाऱ्या, गाड्या इथून स्लोवर टाकतात आणि त्या सायनपासून थांबत थांबत जातात.

पूर्वेला बाहेर पडलं की समोर मार्केट, तिथेच 1942 पासूनचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, केळीच्या पानावर जेवण मिळतं. दक्षिण भारतीय वस्ती जुनी आहे म्हणून फिल्टर कॉफीची पूड आणि केळीची पानं सहज मिळतात, गजरेवाल्या ओल्या फडक्याखाली मोगरा झाकून बसलेल्या असतात, आणि संध्याकाळी पाचनंतर गाडीत शिरलं की लेडीज डब्यात तोच वास येतो.