पवित्र जीवन आणि उपासना (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मविचारात देवाची उपासना आणि उपासकाचे रोजचे वागणे यांची फारकत मान्य नाही. प्रार्थना, स्तुतिगीते, वचनाचे श्रवण, प्रभुभोजन किंवा मिस्सा (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) हे सारे पवित्र जीवनाशी बांधलेले आहे, याबद्दल पंथापंथांत वाद नाही. वाद आहे तो क्रमाचा. माणसाने आधी शुद्ध होऊन देवासमोर यावे, की देवासमोर येत राहिल्यानेच तो शुद्ध होतो? मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासातले कित्येक कडाक्याचे वाद याच प्रश्नाभोवती फिरले आहेत.

या विचाराचे मूळ बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, सापडते. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात देव इस्राएल लोकांना सांगतो की मी पवित्र आहे, म्हणून तुम्हीही पवित्र असा. पुढे येणारी यादी पाहण्यासारखी आहे. अर्पणाचे मांस किती दिवसांत खावे हा विधीचा नियम, आणि त्याला लागूनच शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडण्याचा नियम. मजुराची मजुरी रात्रभर अडवू नये, वजनमापात लबाडी करू नये, हेही त्याच दमात सांगितले आहे. वेदी आणि बाजार यांच्यामध्ये हा ग्रंथ भिंत घालत नाही. मंदिरात प्रवेश करणाऱ्याला उद्देशून असावीत अशी १५ वी आणि २४ वी स्तोत्रेही निर्मळ हात, शुद्ध मन आणि लाच न घेणे यांचीच विचारणा करतात.

इ.स.पू. आठव्या शतकात आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी हीच गोष्ट फार तिखट शब्दांत मांडली. गरिबांना तुडवणाऱ्यांचे सण देवाला नकोसे झाले आहेत, रक्ताने भरलेले हात प्रार्थनेसाठी पसरले तरी तो ऐकणार नाही. यावरून संदेष्टे विधींच्याच विरोधात होते, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला. तो टिकत नाही. यशयाला स्वतःच्या ओठांच्या अशुद्धतेची जाणीव झाली ती मंदिरातल्या दर्शनात, आणि त्या ओठांना लागलेला निखाराही वेदीवरचाच होता.

नव्या करारात येशूचा आदेश स्पष्ट आहे: वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा (मत्तय ५). रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात प्रेषित पौल आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो, आणि मग आदरातिथ्य, वैऱ्याला जेवू घालणे, सूड न घेणे अशा साध्या गोष्टींकडे वळतो.

करिंथकरांस पहिल्या पत्रातला ११ वा अध्याय मात्र पुष्कळदा अपुरा वाचला जातो. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, या वचनाचा अर्थ बहुतेक वेळा खाजगी पापांची उजळणी असाच घेतात. पौलाची तक्रार वेगळी होती: करिंथ येथे काही जण आधीच जेवून, पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत. परीक्षा करायची होती ती याचीही.

पहिल्या शतकांतील मंडळीने ही शिकवण अमलात आणल्याचे पुरावे आहेत. दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात, भांडण असलेल्यांनी ते मिटवल्याशिवाय प्रभूच्या दिवसाच्या (रविवारच्या) सभेत येऊ नये, असा नियम आहे. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला कळवले की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि चोरी, व्यभिचार न करण्याची व ठेव परत मागितल्यावर न नाकारण्याची शपथ घेतात. बाहेरच्या, तेही चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला उपासना आणि सदाचार एकाच सभेत दिसले, हे विशेष. पुढे इ.स. ३९० मध्ये थेस्सलोनिका येथील कत्तलीबद्दल मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राट थिओडोशियसलाही प्रायश्चित्त घेईपर्यंत ख्रिस्तप्रसादापासून (प्रभुभोजनापासून) दूर ठेवले.

क्रमाचा प्रश्न तीव्र झाला तो नंतर. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स विधीत प्रसाद देण्याआधी धर्मगुरू ‘पवित्र वस्तू पवित्रांसाठी’ असे घोषित करतो, तर लोक उत्तर देतात की पवित्र एकच, येशू ख्रिस्त. अट घालणे आणि ती कोणीच स्वबळावर पुरी करत नाही हे कबूल करणे, दोन्ही त्या एका संवादात आहे. पश्चिमेकडे इतका तोल क्वचितच साधला. १२१५ च्या रोममधील लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपाशी पापनिवेदन आणि ईस्टरच्या सुमारास प्रसादग्रहण बंधनकारक केले. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (वडीलजनांनी चालवलेल्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांत वडीलजन चौकशी करून धातूचा बिल्ला देत, आणि तो असेल त्यालाच प्रभुभोजनाच्या मेजाशी जागा मिळे. सतराव्या शतकात फ्रान्समधील जान्सेनवाद्यांनी (कॅथलिकांमधील एका कडक गटाने) पात्रतेची अट इतकी कडक केली की प्रसाद न घेणे हीच भक्ती वाटू लागली. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांच्या काळातील आदेशाने वारंवार प्रसादग्रहणाला उत्तेजन दिले. प्रसाद हे सद्गुणांचे बक्षीस नव्हे, असे त्यात सांगितले होते. तरीही गंभीर पापापासून मुक्त असण्याची अट कायम राहिली.

प्रोटेस्टंट जगात हाच झगडा १७४० मध्ये लंडनच्या फेटर लेन या भक्तमंडळात झाला. पूर्ण विश्वास लाभेपर्यंत प्रभुभोजनापासूनही दूर राहून शांतपणे वाट पाहावी, असे तेथील काहींचे म्हणणे होते. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला ते पटले नाही. ज्याला पवित्रता हवी आहे त्यानेच प्रभुभोजनासारख्या साधनांकडे यावे, असे मानून तो वेगळा झाला. त्याच्या १७४३ च्या नियमांत वाईट टाळणे, भले करणे आणि देवाने नेमलेल्या उपासनेला हजर राहणे ही तीनही बंधने एकत्र आहेत.

उपासना चालवणाराच अपवित्र असेल तर? चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील डोनाटवाद्यांनी (एका कडक फुटीर गटाने), रोमन सत्तेच्या छळाच्या काळात धर्मग्रंथ शत्रूच्या हाती देणाऱ्या बिशपांचे संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखे विधी) अवैध ठरवले. बिशप ऑगस्टीनने उत्तर दिले की संस्कार देणारा खरा ख्रिस्तच असतो. सेवकाच्या दोषाने संस्काराचे सामर्थ्य कमी होत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी २६ वे कलम हेच मानते. मात्र त्याच कलमात पुढे असेही लिहिले आहे की दुराचारी सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून काढावे.