ध्वनिफाईल-रूपांतर

एका फॉरमॅटमध्ये साठवलेले ध्वनिमुद्रण दुसऱ्या फॉरमॅटमध्ये आणणे म्हणजे ध्वनिफाईल-रूपांतर. सोलापुरात त्याची गरज बहुधा घरातल्या जुन्या आवाजांपायी पडते. भजनी मंडळाची कॅसेट, साध्या फोनवर टिपलेल्या आजीच्या ओव्या, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालताना मोबाईलवर घेतलेला ‘हर्र बोला हर्र’चा गजर, हे सगळे वेगवेगळ्या काळातल्या डब्यांत बंद असते.

डबा आणि माल यांत फरक आहे. एमपी४, वेव्ह, ऑग हे डबे. एएसी, ओपस हे आतला आवाज बांधून ठेवणारे कोडेक. फाईलचे नाव बदलून शेवटी एमपी३ लिहिले, तर फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते. उलट फोनवर काढलेल्या कीर्तनाच्या व्हिडिओत आवाज बहुधा एएसीमध्येच असतो. तो जसाच्या तसा एम४ए या फक्त आवाजाच्या डब्यात काढून घेता येतो. काही सेकंदांचे काम, आवाजाला धक्का नाही. एफएफएमपेग या मोफत प्रणालीत ही सोय आहे.

बाकीची रूपांतरे इतकी निरुपद्रवी नसतात. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाईलमध्ये सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे मोजमापे, प्रत्येक 16 बिटचा, दोन वाहिन्यांवर; मिनिटाला सुमारे 10 एमबी. 2001 साली आलेला फ्लॅक हेच काही न गमावता आवळतो. एमपी३ मात्र कानाला जाणवणार नाही असे मानलेले भाग टाकून देतो आणि 128 केबीपीएसला (सेकंदाला 128 किलोबिट) मिनिटाचा आवाज जेमतेम 1 एमबीत बसवतो. टाकलेले परत येत नाही. एमपी३चे वेव्ह केले तर फाईल दहापट फुगते, आवाज तोच राहतो. एमपी३वरून पुन्हा एमपी३ करणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

सर्वांत मोठे नुकसान एएमआर फाईलींत दिसते. जुन्या फोनांचे रेकॉर्डर बऱ्याचदा याच फॉरमॅटमध्ये साठवत. तो मोबाईलवरील बोलण्यासाठी घडवलेला. सेकंदाला 8,000 नमुने, आणि साधारण 200 ते 3,400 हर्ट्झमधलाच आवाज. बोललेले समजते, पण हरिपाठाचे मुद्रण ऐकून पाहावे. टाळांची झळाळी या पट्ट्याच्या वर असते, त्यामुळे टाळ वाजतो तिथे पत्रा घासल्यासारखी खरखर उरते. अशी फाईल कितीही उंची फॉरमॅटमध्ये नेली तरी टाळ परत वाजत नाही. पण म्हणून ती फेकूनही देऊ नये. मूळ एएमआर जपावी आणि ऐकण्यासाठी वेगळी प्रत काढावी.

शहराच्या पूर्वभागात घराघरांत यंत्रमाग चालत आले, आणि तिथल्या मुद्रणांत मागाची खटखट हटकून येते. कमी बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला कमी बिट वापरणाऱ्या, एमपी३ला असे तीव्र ठोके जड जातात. तो आवाज साधारण 26 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधतो, आणि तुकड्यात मध्येच ठोका आला की त्याची चूक आधीच्या शांततेवर पसरते. मग खटका पडण्याच्या आधी पुसट फसफस ऐकू येते. अशा घरातल्या ओव्या एमपी३च करायच्या असतील, तर 192 केबीपीएसच्या खाली न उतरणे बरे. मागाचा आवाज पुसण्याचा हट्टही नको. ओवी म्हणणारी बाई त्या आवाजातच राहत होती.

कॅसेटचे काम टेपपासूनच सुरू होते. टेपरेकॉर्डरचे हेड पुसावे, गुंतलेली फीत पेन्सिलीने सारखी करावी, आणि संगणकात आवाज घेताना पातळी थोडी खालीच ठेवावी. शिगेला गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणताही फॉरमॅट शिवत नाही. पहिली प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच असावी. रात्रभराचा भजनाचा जागर एका फाईलमध्ये घेणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवावी: साधी वेव्ह फाईल 4 जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे सीडीच्या दर्जाला सुमारे पावणेसात तास. पहाटेची काकड आरती त्यातून निसटू शकते.

एमपी३ची जागा वाटपात आहे. पेनड्राइव्हवर चालणाऱ्या पुष्कळ जुन्या स्पीकरना आणि रिक्षातल्या डेकना तेवढेच वाचता येते. व्हॉट्सॲपवर आलेला बोललेला निरोप ओपसमध्ये असतो, तो त्यांवर वाजवायचा तर रूपांतर करावेच लागते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मूळ प्रत पाठवायची असेल, तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी पाठवलेली फाईल न बदलता पोहोचते.