सोशल साईट न सुटणं (मुंबई)

अकाउंट बंद करायचं दर दोन महिन्यांनी ठरतं आणि होत मात्र नाही, त्या प्रकाराबद्दल ही नोंद. लोक व्यसन म्हणून मोकळे होतात, पण मुंबईत बघितलं तर मोठं कारण साधं आहे, आपली माणसं तिथे आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, मग चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि गिरगाव-लालबागची कितीतरी कुटुंबं डोंबिवली, विरार, बदलापूरला पांगली. आता एकाच गॅलरीत वाढलेले लोक भेटतात ते चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाहीतर मंडळाच्या फेसबुक पेजवर, कोण अॅडमिट आहे, कोणाच्या मुलीचं ठरलं, वर्गणी कोणाला जीपे करायची, सगळं तिथेच. ग्रुप सोडला तर आधी सगळ्यांना दिसायचं आणि लगेच फोन, "काय गं, रागावलीस का?" २०२२ पासून फक्त अॅडमिनला कळतं, पण अॅडमिन बहुतेक वेळा काकाच असतात.

व्यसनाचा भाग नाहीच असं नाही. फेसबुकचं लाईक बटण २००९ मध्ये आलं, आणि खाली ओढत राहिलं तरी न संपणारं पान २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने तयार केलं, ज्याचा त्याला पुढे पस्तावा झाला. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय जास्त घट्ट होते हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने प्राण्यांवर प्रयोग करून आधीच दाखवलं होतं, लाईकचं तेच, कधी पाच कधी पन्नास. त्यात २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि लोकलमधला तासभर रिकामा असतोच (बसायला मिळालं तर, नाहीतर एका हाताने).

तरी नुसत्या व्यसनाने ऑर्कुट या फेसबुकआधीच्या लाडक्या सोशल साईटचं कोडं सुटत नाही. २००४ ला सुरू झालेलं, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून लोक स्क्रॅप (एकमेकांच्या पानावर निरोप) लिहायचे, टेस्टिमोनियल (आपल्याबद्दल दोन चांगले शब्द) मागायचे, आणि तरी २०१० च्या आसपास सगळे फेसबुककडे वळले, ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंदच झालं. मनोनिग्रह वगैरे काही नाही, मित्र गेले म्हणून आपण गेलो. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि जुलैत इन्स्टाचे रील्स हजर, तिथेही तेच.

म्हणून हल्ली 'सोडलं' म्हणणारे इन्स्टा काढतात, फेसबुक काढतात, व्हॉट्सअॅप ठेवतात, कारण सोसायटीची पाणीकपातीची नोटीस आणि शाळेचा होमवर्क दुसरीकडे कुठे येतच नाही.